फुकट फौजदार

मार्च जवळ आला की ऑफिसातली माणसं एकदम शहाण्यासारखी वागायला लागतात. दहाला येणारे साडेनऊला येतात, मेलमधलं 'काइंडली' वाढतं, बॉसच्या विनोदांना हशा मिळायला लागतो. अप्रेझल! वर्षभराच्या कामाबद्दल साहेब वीस मिनिटं बोलणार. त्यातली पंधरा आकड्यांवर जाणार आणि उरलेल्या पाचांत 'गुड जॉब' नाहीतर 'नीड्स इम्प्रूव्हमेंट'. म्हणजे सोमवारपासून मी नक्की काय वेगळं करू, हे विचारायची सोय नाही. साहेबांचाही दोष नाही म्हणा. त्यांना बजेट सांभाळायचंय, बेल कर्व्ह बसवायचाय, आणि उद्या परत तुमच्याकडूनच काम काढून घ्यायचंय.

आता समजा, तुमच्याच लाइनमधला एखादा मुरलेला माणूस आहे. त्याच्या हातात तुमचं इन्क्रिमेंट नाही, त्याला तुमच्याकडून काही नकोय. तो आपला शनिवार-रविवार मोडून, स्वतःचं तिकीट काढून आला आणि चाळीस मिनिटं फक्त तुमचं काम बघत बसला तर? मग काय चुकलंय, का चुकलंय, ते नीट कसं होईल हे तोंडावर सांगून, चहा पिऊन निघून गेला तर? आपल्याकडे अशा माणसाला 'फुकट फौजदार' म्हणतात. असे चार फौजदार मी गेल्या डिसेंबरात माथेरानला पाहिले.

माझी एक कॉलेजपासूनची मैत्रीण पुण्याच्या एका गेम स्टुडिओत सीनिअर एन्व्हायर्न्मेंट आर्टिस्ट आहे. म्हणजे गेममध्ये हीरो ज्यावरून पळतो ते डोंगर, गल्ल्या, भिंती, भिंतीवरचं शेवाळ हे सगळं ती करते. हीरो करत नाही. नातेवाईकांना हे समजावता समजावता तिची दहा वर्षं गेली. 'म्हणजे तू दिवसभर गेम खेळतेस?' हा प्रश्न तिला अजूनही दर दिवाळीत पडतो.

ती आणि तिच्यासारखे आणखी तिघं, दोन पुण्याचे आणि दोन मुंबईचे असे चौघं, वर्षातून एकदा-दोनदा गेम आर्ट शिकणाऱ्या मुलांना गाठतात आणि त्यांचं काम बघतात. ग्रुपला नाव नाही. बॅनर नाही, सर्टिफिकेट नाही, फी नाही. या वेळी मुलं बारा होती आणि महिनाभर आधी त्यांना होमवर्क दिलेलं होतं: घरी बसून, फक्त फोटो बघून, माथेरानचा एक कोपरा थ्रीडीमध्ये उभा करा. मग वर या. आपण दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघू. मला तिनं स्वस्तातल्या मुक्कामाचं आमिष दाखवलं होतं, आणि मला या पानाला विषय हवा होता.

माथेरानच का, याचं तिचं उत्तर व्यवहारी होतं. मुंबईकर नेरळला लोकलनं येतात, पुणेकर कर्जतला उतरून तीच लोकल पकडतात. भांडण नाही. दस्तुरीला गाड्या थांबतात, पुढे अडीच-तीन किलोमीटर पायी, घोड्यावर, नाहीतर अमन लॉजवरून शटल. एकदा वर गेलं की 'मला जरा लवकर निघायचंय' म्हणणारा कुठे जाणार? एका जुन्या बंगलीवजा लॉजचा हॉल घेतला होता, भिंतीवर चादर आणि चादरीवर प्रोजेक्टर. पोचल्या पोचल्या माकडानं एका मुलाच्या सॅकमधून बिस्किटाचा पुडा नेला. आत साठ हजारांचा टॅबलेट होता, त्याला हात लावला नाही. माकडांचे प्रायॉरिटीज क्लिअर असतात.

पहिला सीन चादरीवर आला आणि मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. ठाण्याच्या मुलीचा होता. लाल रस्ता, दोन्ही बाजूंना झाडं, पानांतून झिरपणारं ऊन, लांबवर एक बंगला. सिनेमाच्या पोस्टरसारखं. चौघंही गप्प. पाच मिनिटं कुणीच बोलायचं नाही, असा त्यांचा नियम आहे, मुलीनंही नाही. आपण काय केलंय ते समजावून सांगायला विद्यार्थी टपलेला असतो. पण गेम विकत घेणाऱ्याच्या घरी समजावायला कोण जाणार आहे?

पाच मिनिटांनी त्यांच्यातल्या सर्वांत सीनिअर माणसानं, जो एका स्टुडिओत लीड आहे, हळूच विचारलं, "हे टायरचे पट्टे कसले?"

रस्त्यावर मस्त ठसठशीत टायरच्या खुणा होत्या. रस्ता म्हटला की तयार लायब्ररीतून एक 'डेकल' घ्यायचं, म्हणजे वरून चिकटवायचं स्टिकर, आणि चिकटवायचं. रस्ता वापरातला दिसतो. फक्त हा रस्ता माथेरानचा होता. इथे मोटारी येत नाहीत, हीच तर या गावाची ओळख! ॲम्ब्युलन्स आहे, 2022 च्या डिसेंबरात प्रायोगिक ई-रिक्षाही आल्या. पण त्या मुख्य रस्त्यानं. पॉइंटकडे जाणाऱ्या मातीच्या वाटेवर ट्रकचे पट्टे कुठून येणार?

"इथे काय चालतं?" लीडनं विचारलं.

"घोडे," मुलगी म्हणाली.

"मग?"

ती आधी हसली आणि मग तिचा चेहरा पडला. कारण प्रश्न स्टिकरचा राहिलाच नव्हता. घोडे चालतात म्हणजे नालांचे ठसे, लीद, रस्त्याच्या कडेला बांधायच्या जागा, पाण्याच्या टाक्या. हातरिक्षा चालल्या म्हणजे त्यांच्या बारीक चाकांच्या रेघा. त्यातही, कुठल्या सालचं माथेरान? सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट 2025 मध्ये हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितल्या. म्हणजे पुढच्या काळातला सीन असेल तर ती रेघही नको. आणि जुन्या काळातला असेल तर रस्त्यावर पेव्हर ब्लॉक नकोत. लीडचं म्हणणं एवढंच होतं की सीनला साल असतं, आणि ते आर्टिस्टला माहीत पाहिजे, खेळणाऱ्याला नाही कळलं तरी चालेल.

मी वहीत लिहून घेतलं. माझ्या ऑफिसात आजवर कुणी माझ्या पीपीटीवर पाच मिनिटं गप्प बसलेलं नाही.

दुपारी जेवण झाल्यावर सगळी वरात बाहेर निघाली. खरा धडा तिथे झाला असं माझं मत. बाराही जणांच्या सीनमधल्या बंगल्यांचे पाये स्वच्छ होते. मैत्रिणीनं मुलांना बाजारामागच्या एका जुन्या बंगल्याच्या भिंतीपाशी नेलं आणि म्हणाली, "बघा." भिंत वर पांढरी आणि खाली दीड-दोन फूट लालसर. रंगवलेली नव्हे. पावसाळ्यात थेंब मातीवर आपटतात, माती उडते, भिंतीवर बसते. वर्षानुवर्षं. पट्ट्याची वरची कड सरळ रेषेत नव्हती. पन्हळीचं पाणी जिथे पडायचं तिथे लाली जास्त वर चढली होती आणि जिथे कुंड्यांचा ओटा होता तिथे भिंत कोरी. "या पट्ट्यावरून मला पन्हळ कुठे फुटलीय ते कळतं," ती म्हणाली, "तुमच्या सीनमध्ये मला काय कळतं?"

मग माती. इथला लाल दगड म्हणजे जांभा. लोहाचा अंश गंजतो म्हणून लाल, आणि अंगावर चाळणीसारखी भोकं. सात जणांनी लायब्ररीतला कुठलातरी गुळगुळीत दगड घेऊन तो फक्त लाल रंगवला होता. एकोणीस-वीस वर्षांची मुलं कडेच्या बांधावर हात फिरवत होती, बोटं लाल करून एकमेकांच्या गालाला पुसत होती. इको पॉइंटला गेल्यावर आणखी एकाची दांडी उडाली. त्यानं कडा वरपासून खालपर्यंत लालभडक केला होता. प्रत्यक्षात वरची टोपी तेवढी जांभ्याची आणि खाली काळा बेसॉल्ट, थरांवर थर. कड्यावरून प्रबळगडाकडे बघितलं तरी ते थर दिसतात. सह्याद्री असाच आहे. लहानपणी भूगोलात होतं हे सगळं, पण भूगोलाचा उपयोग पगाराला होतो हे कुणी सांगितलं नव्हतं.

सर्वांत मजा आली अमन लॉज स्टेशनवर. एका मुलानं मिनी ट्रेन केली होती. इंजिन सुरेख, रंग सुरेख, पण का कोण जाणे, खेळण्यातलं वाटेना. टेक्निकल आर्टिस्ट असलेला तिसरा फौजदार काही बोलला नाही. त्यानं मुलाला रुळांमध्ये उभं केलं (गाडी नव्हती, घाबरू नका) आणि बुटाला बूट लावून मोजायला सांगितलं. दोन बूट आणि वर चार बोटं. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी 1907 साली पुरी केलेली ही लाइन दोन फुटी गेजची, म्हणजे 610 मिलिमीटर. मुलानं सवयीनं खालच्या लोकलचे रूळ घातले होते, 1,676 मिलिमीटरचे. अनरीअल इंजिनमध्ये एक युनिट म्हणजे एक सेंटिमीटर धरतात. त्या हिशेबानं 61 च्या जागी 168! डबा, प्लॅटफॉर्म, बाक सगळं त्या प्रमाणात फुगलेलं. माथेरानची गाडी गोड वाटते ती तिच्या रंगामुळे नाही, दोन फुटांमुळे वाटते. मुलगा रात्री जेवायला आला नाही. आत बसून रूळ बदलत होता.

ही रीत या चौघांनी शोधलेली नाही, हे सांगायला हवं. आर्किटेक्चर शिकलेल्या कुणालाही विचारा, 'ज्युरी' या शब्दानं अजून पोटात गोळा येतो; बाहेरचे आर्किटेक्ट येऊन शीटवर लाल पेन चालवतात. अमेरिकेत 1988 पासून भरणाऱ्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये मुलं आपलं काम घेऊन मोठ्या स्टुडिओच्या लोकांना गाठतात. ब्रिटनमध्ये 'सर्च फॉर अ स्टार' नावाची विद्यार्थ्यांची स्पर्धा आहे, तिथेही चालू स्टुडिओतलेच लोक कामं तपासतात. आपल्याकडची अडचण वेगळी. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट 1857 चं. तिथे लँडस्केप शिकवणाऱ्याला त्याच्या गुरूनं शिकवलेलं असतं, त्या गुरूला त्याच्या गुरूनं. आपल्या देशातला गेमचा धंदा मात्र जेमतेम पंचविसेक वर्षांचा; बंगळुरूच्या ध्रुव इंटरॲक्टिव्हसारख्या पहिल्या पहिल्या कंपन्या नव्वदच्या दशकाच्या शेवटी निघाल्या. या कामातला रिटायर्ड मास्तर अजून जन्माला यायचाय. ज्यांना काम येतं ते सगळे डेडलाइनच्या बोकांडी बसलेत, किंवा डेडलाइन त्यांच्या.

मग शिकवतं कोण? एका मुलानं सहज सांगितलं, की त्यांना टेक्स्चरिंग शिकवणारे सर गेल्या वर्षी त्याच इन्स्टिट्यूटमध्ये विद्यार्थी होते. नोकरी लागली नाही म्हणून शिकवायला लागले. इन्स्टिट्यूटचं नाव लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही. बाराजण वेगवेगळ्या ठिकाणचे होते आणि निम्म्यांची गोष्ट हीच. फी मात्र लाखांत. कुणी एज्युकेशन लोन काढलंय, एकीच्या आईनं पतसंस्थेतून. ब्रोशरवर परदेशी गेममधल्या हीरोचं चित्र आणि खाली '100% प्लेसमेंट असिस्टन्स'. असिस्टन्स हा शब्द नीट वाचा. प्लेसमेंट नाही, असिस्टन्स.

इथे माझी आणि मैत्रिणीची थोडी जुंपली. मी म्हटलं, अगं, लाखो रुपये घेणाऱ्यांचं काम तुम्ही फुकटात करता, म्हणजे त्यांचंच फावतं. उद्या ते ब्रोशरवर छापतील, 'इण्डस्ट्री एक्स्पर्टसकडून मार्गदर्शन'. ती म्हणाली, छापलंय एकांनी आधीच. म्हणूनच आता इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन बसत नाही, मुलांना बाहेर बोलावतो. "आणि फी घ्यायला लागलो तर मुलाला 'तुझं काम विकलं जाणार नाही' हे सांगायला माझी जीभ रेटेल का?" या मुद्द्यावर तिचं बरोबर आहे असं मला वाटतं. पैसे देणाऱ्या आईबापांसमोर खरं बोलायला फार मोठं काळीज लागतं. तरीही ज्यांनी फी घेतलीय त्यांना जाब विचारणारं कुणीतरी हवंच, आणि ते काम या चौघांचं नाही.

रात्री कांदाभज्यांवर दुसरं भांडण झालं, आणि ते जास्त महत्त्वाचं.

चौथा फौजदार, मुंबईचा, तिखट माणूस. दिवसभरात त्यानं एका नाशिकच्या मुलीला सांगितलं होतं, "हे लायटिंग बघून मी पुढच्या पोर्टफोलिओवर गेलो असतो. चार सेकंद." मुलगी बाहेर जाऊन रडून आली. मैत्रीण भडकली होती. तो शांतपणे म्हणाला, मी रडवलं तर बारा जणांसमोर रडली. जग रडवेल तेव्हा बारा लाख लोक बघत असतील. आणि त्यानं 'प्रिन्स ऑफ पर्शिया'ची आठवण काढली.

तुमच्यापैकी गेम खेळणाऱ्यांना आठवत असेल. सप्टेंबर 2020 मध्ये युबीसॉफ्टनं 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम' या 2003 सालच्या लाडक्या गेमच्या रिमेकचा ट्रेलर दाखवला. काम होतं कंपनीच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंकडे. आपल्या पोरांच्या हातात एवढा मोठा गेम! अभिमानानं लिंक फॉरवर्ड केलेले लोक मला माहीत आहेत. आणि दोनच दिवसांत जगभरातून झोड. चेहरे जुनाट, लायटिंग सपाट, दहा वर्षांपूर्वीचा गेम वाटतो. जानेवारी 2021 ची तारीख पुढे गेली, मग आणखी पुढे गेली. मे 2022 मध्ये काम माँट्रियलच्या टीमकडे गेलं. आणि जानेवारी 2026 मध्ये तर कंपनीनं गेमच रद्द केल्याचं जाहीर केलं. त्यात आर्टिस्टचा दोष किती, वेळेचा किती, पैशाचा किती, हे बाहेर बसून कुणी सांगू नये. पण आठवडाभर ज्या शिव्या पडल्या, त्या वाचणारी माणसं हडपसर-पवईच्या लोकलमध्ये-बसमध्येच बसलेली असणार, आपल्या शेजारी.

मैत्रिणीचं म्हणणं, तेच तर! त्या लाखो कमेंट्समधल्या किती जणांनी सांगितलं की उजेड कुठून हवा होता? शिवी आणि फीडबॅक यात फरक आहे. आणि तिनं दुसरं पुण्याचंच उदाहरण दिलं, नॉडिंग हेड्स गेम्सचं 'राजी'. छोटी टीम. 2017 मध्ये लोकवर्गणीसाठी किकस्टार्टरवर गेले, ठरवलेली रक्कम जमली नाही. पण खेळून बघायला डेमो दिला होता, तो लोकांनी खेळला, बोलले. तीन वर्षं घासूनपुसून ऑगस्ट 2020 मध्ये गेम आला आणि त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्डस'मध्ये पदार्पणाच्या विभागात नॉमिनेशन मिळालं. पहाडी चित्रांचे रंग, राजस्थानी वाडे, छायाबाहुल्या. जगात कुणीही दाखवलं तरी हे कुठलं ते कळतं.

भज्या संपल्या, निकाल लागला नाही. माझं मत विचाराल तर मी मैत्रिणीच्या बाजूची. बारा वर्षांच्या अनुभवाला 'चार सेकंद' एवढंच सांगता येत असेल तर तो अनुभव नव्हे, तो थकवा आहे. पण एक गोष्ट नोंदवायला हवी. रात्री एकला मी पाणी प्यायला उठले तर हॉलमध्ये दिवा. तो तिखट माणूस त्या नाशिकच्या मुलीच्या आणि तिच्या मैत्रिणीच्या मध्ये खुर्ची ओढून बसला होता. सीनमधले सगळे दिवे त्यानं बंद करायला लावले होते. काळ्या स्क्रीनवर एकेक दिवा लावत ते विचारत होते, हा कशाला हवा? हा गेला तर काय बिघडतं? सतरा दिव्यांचे तीन झाले होते. आणि चित्र! दुपारी सगळीकडून उजळलेली सपाट खोली होती. आता खिडकीतून तिरपा उजेड, जमिनीवर लाल धूळ आणि कोपऱ्यातला कंदील.

रविवारी सकाळी त्यालाच एका मुलानं विचारलं, "सर, तुमच्या स्टुडिओत ज्युनिअरचं ओपनिंग आहे का?"

"मीच शोधतोय," तो म्हणाला. "ऑगस्टपासून."

हॉल चिडीचूप. 2023 आणि 2024 मध्ये जगभर गेम स्टुडिओंमधून हजारो लोकांना घरी बसवलं गेलं, ही बातमी आपण वाचलीय. ती लाट ओसरली असं अजून कुणी छातीठोक सांगत नाही. त्यात आता एआयनं चित्रं निघतात, म्हणजे नवख्यांना देतात ती बारीकसारीक कामं आधी जाणार अशी धास्ती. चार महिने बेकार असलेला माणूस नेरळचं तिकीट काढून, मुक्कामाचे पैसे भरून दुसऱ्यांच्या पोरांचे दिवे मोजायला आला होता. माझ्या मैत्रिणीलाही माहीत नव्हतं. तिनं काही विचारलं नाही, त्याच्यासमोर चहा ठेवला आणि पुढचा पोर्टफोलिओ लावला.

तो पुढचा होता भुसावळकडच्या एका मुलाचा. लाजाळू, सगळ्यांत मागे बसलेला. चौदा कामं. ड्रॅगन, चिलखतवाला योद्धा, पंखवाली योद्धी, परत ड्रॅगन. वाईट नव्हती. कुठेतरी पाहिल्यासारखी होती, एवढंच. लीडनं त्याचा ठरलेला प्रश्न विचारला, "यातलं कुठलं काम तू इकडे दाखवणार नव्हतास?"

मुलानं शेवटची स्लाइड लावली. एक चूल. मातीची, दोन वैलांची. मागची भिंत धुरानं काळी, पण फुंकणी टेकवून टेकवून एका जागी घासलेली. लिंपणावर बोटांचे फराटे होते. तोंडाशी एक अर्धवट जळलेलं लाकूड. चौघंही पुढे सरकले. पाच मिनिटांचा नियम कुणालाच पाळता आला नाही.

"कुणाच्या घरची?"

"आजीच्या. प्रॅक्टिस म्हणून केलेली, सर."

"बाकीची तेरा काढून टाक."

मुलाला ते आवडलं नाही, आणि का आवडावं? इन्स्टिट्यूटच्या काउन्सेलरनं त्याला सांगितलं होतं, कॅरेक्टरला स्कोप आहे. दोन वर्षं त्यानं योद्धे घडवले. तो उठून उभा राहिला आणि बारा जणांत पहिल्यांदाच कुणीतरी उलट बोललं, "सर, पण चुलीला कोण नोकरी देणार?"

लीडनं उत्तर द्यायला घाई केली नाही. मग बोटांवर मोजून दाखवलं. एका मोठ्या गेममध्ये हीरो किती? एक, दोन, धरा दहा. दारं किती? बादल्या, कंदील, बाकं, पायऱ्या, कौलं? हजारो. त्यातलं बरंचसं काम बाहेरचे स्टुडिओ भारतात पाठवतात, आपल्याकडचा धंदा मोठ्या प्रमाणावर त्यावरच उभा आहे. कॅरेक्टरची ज्युनिअर जागा निघाली तर तिच्यासाठी जगभरातले योद्धे रांगेत असतात. आणि घेणारा माणूस तुझी चौदा कामं बघून सरासरी काढत नाही, सर्वांत कच्चं काम बघून ठरवतो की याला स्वतःचं काम पारखता येतं की नाही. "ड्रॅगन तू पाहिलेला नाहीस. चूल पाहिलीस. ती फुंकणीची खूण कुठल्या लायब्ररीत मिळते, सांग मला."

"कॅरेक्टर कधीच करू नको का मग?"

"कर की. ही चूल पेटवणारी कर."

मुलगा बसला. पटलं होतं असं त्याच्या चेहऱ्यावरून वाटत नव्हतं. दोन वर्षं आणि बापाचे पैसे एका वाक्यात डिलीट होत नसतात. दुपारी उतरताना तो पूर्ण वाटभर एकटाच मागे चालत होता आणि दर दहा पावलांवर कशाचातरी फोटो काढत होता: उघडी पडलेली मुळं, चपलांच्या दुकानाची फळी, लाल झालेला कठडा.

तुम्ही गेमच्या धंद्यात नसाल. पण तुमच्यापैकी कुणी सीए आहे, कुणी कोड लिहितं, कुणी घराचे प्लॅन काढतं, कुणी जाहिराती लिहितं. तुमच्या कॉलेजच्या थर्ड इयरला आत्ता एखादा पोरगा आपलं काम बरं आहे की वाईट, या विचारानं रात्री जागतोय आणि त्याचे आईबाबा प्रेमानं 'छानच आहे रे' म्हणतायत. दोन दिवस नको, एक शनिवार दुपार पुरते. अट एकच घालीन: चाळीस जणांना हॉलमध्ये बसवून 'इण्डस्ट्री काय मागते' यावर भाषण ठोकू नका. ते फुकट असलं तरी महाग पडतं. तिघांना बोलवा, त्यांचं काम उघडा, आणि आधी पाच मिनिटं गप्प बसा. बघा जमतं का. मला दोन मिनिटांच्या पुढे जमलेलं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी मैत्रिणीनं मला एक मेल फॉरवर्ड केला. भुसावळच्या मुलाचा. खाली पोर्टफोलिओची नवी लिंक होती आणि आत तीनच कामं: चूल, माथेरानच्या चपलांचं दुकान, आणि तिच्यात काम करणारी एक म्हातारी, गुडघ्यावर हात टेकून बसलेली. सोबत मोठ्ठं आभाराचं पत्र, मॅम, सर, तुमच्यामुळे वगैरे.

मैत्रिणीचं उत्तर वर होतं, दोन ओळींचं.

'आजी मस्त. चुलीपुढे राख नाहीये. रोज पेटते ना? राख टाक, मग परत पाठव.'